कुसळगावात बेघर कोणी नाही

फार जुनी गोष्ट नाही. कुसळगाव नावाचं एक जंगल होतं. तिथं झाडं होती, ओढा होता, बरेच प्राणी होते, आणि सगळे आपापल्या ठिकाणी राहत होते. मग त्या जंगलाची नगरपालिका झाली.

नगरपालिका झाली म्हणजे नेमकं काय झालं, हे सुरुवातीला कोणालाच कळलं नाही. ओढा होता तिथंच होता, फक्त त्याला नाला म्हणू लागले. पायवाटांना दिवंगत प्राण्यांची नावं दिली गेली. जे दिवंगत नव्हते त्यांनी आपली नावं देऊन घेतली.

नगराध्यक्ष झाले दंतोजीराव रानडुक्कर. त्यांचे सुळे मोठे होते आणि जातील तिथली जमीन उकरायची त्यांना जन्मजात सवय होती, त्यामुळे हे नक्की विकास करतील असं सगळ्यांना वाटलं. गृहनिर्माण समितीचे सभापती होते सुकंठराव कोकीळ. त्यांनी जन्मात एक काडी रचलेली नव्हती, पण दुसऱ्याच्या घरात आपली पोरं कशी बसवायची याचा त्यांच्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. मुख्याधिकारी बगळेसाहेब पांढरेशुभ्र होते. ते तासन्‌तास एका पायावर उभे राहत. लोकांना वाटे, साहेब जनतेचा विचार करताहेत. साहेब मासा बघत असत. विरोधी पक्षनेते हिंमतराव तरस यांना प्रत्येक ठरावावर हसू येई. इतिवृत्तात त्याची नोंद 'विरोधकांचा तीव्र निषेध' अशी केली जाई.

नगरपालिका झाल्यावर पहिली गोष्ट लागते ती स्वतःची इमारत. त्यासाठी जागा शोधायचं काम घारीला दिलं. घार उंच गेली, गोल फिरली आणि खाली येऊन म्हणाली, "उंबरटेक मोकळी आहे."

उंबरटेकडीवर सायाळांची बिळं होती, सशांची होती, मुंगसांची होती. पण बीळ वरून दिसत नाही. विकास आराखड्यात उंबरटेक मोकळी दाखवली गेली. हरकती मागवणारी नोटीस नियमाप्रमाणे टेकडीवर लावली. सकाळी लावली आणि संध्याकाळी काढून नेली. सायाळ दिवसभर झोपतात, हे नगरपालिकेला माहीत होतं की नव्हतं, यावर नंतर बरीच चर्चा झाली.

टेकडी सपाट करायचं काम दंतोजीरावांच्या मेहुण्यांच्या कळपाला मिळालं. मेहुणे कामाला वाघ होते, म्हणजे डुक्करच होते, पण कामाला वाघ होते. दिवस मावळायच्या आत टेकडीचं मैदान झालं.

त्या टेकडीत बयाक्का राहत होती. बयाक्का सायाळ. माती हलायला लागली तेव्हा तिचा नवरा मल्हारी तिला बाहेर ढकलून परत आत गेला, कारण आत त्याची म्हातारी आई होती. तो बाहेर आला नाही. म्हातारीही आली नाही. बयाक्का ढिगाऱ्यासमोर उभी राहिली आणि नख तुटेपर्यंत उकरत राहिली. मग मेहुण्यांच्या माणसांनी, म्हणजे डुकरांनी, तिला बाजूला केलं, कारण काम थांबत होतं. अहवालात बगळेसाहेबांनी लिहिलं, 'सदर जागा मोकळी असल्याने जीवितहानी संभवत नाही.'

इमारत झाली. सुंदर झाली. समोर लांबलचक ओसरी होती, वर सभागृह होतं, सभागृहात दंतोजीरावांची खुर्ची होती. टेकडीवरून हुसकलेले प्राणी कुठं जाणार? ते त्याच ओसरीवर झोपू लागले. ससे एका कोपऱ्यात, मुंगसं दुसऱ्या कोपऱ्यात. खांबाला टेकून बयाक्का, आणि तिच्या शेजारी धोंडीबा कासव. धोंडीबा म्हातारा होता. त्याचा डबकं असलेला उतार टेकडीच्या पायथ्याशी होता. तिथं आता वाहनतळ होता. बयाक्काच्या पोटात पिलू होतं. पिलू बिळात जन्मतं. उघड्यावर जन्मलं तर पहिल्या पावसात गारठून जातं. आभाळ भरून यायला लागलं होतं.

"होईल गं काहीतरी," धोंडीबा म्हणे.

"काय हुईल, आबा?"

"तेच बघायचं," धोंडीबा म्हणे आणि मान आत ओढून घेई.

झालं असं की, एका सकाळी दंतोजीराव ओसरीच्या उद्घाटनाला आले. ओसरीचं उद्घाटन आधीही झालं होतं, पण तेव्हा फोटो नीट आले नव्हते. नारळ फुटला, टाळ्या झाल्या, आणि फोटोसाठी दंतोजीराव ऐटीत पायरीवर बसले. बसले आणि बसले तसेच उठले. पायरीवर बयाक्काचा गळून पडलेला एक काटा होता.

बेघरांचा प्रश्न त्याच आठवड्यात नगरपालिकेसमोर आला.

सभेच्या विषयपत्रिकेत त्याचं नाव होतं 'शहर सुशोभीकरण व इतर अडगळ'. दंतोजीराव उभ्यानंच बोलले. बसणं त्यांना शक्य नव्हतं.

"सन्माननीय सदस्यहो! कुसळगाव वेगानं पुढं चाललंय. आणि पुढं जाताना पायाखाली काही येतंय. माझा गरिबीला विरोध नाही. गरीब माझे बंधू आहेत, गरीब माझ्या भगिनी आहेत. पण त्यांनी ओसरीवर असावं का, हा प्रश्न आहे!"

टाळ्या झाल्या. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"मला बोलायचंय."

दारात बयाक्का उभी होती. बगळेसाहेबांनी चोच तिच्याकडे वळवली.

"सभेत बोलायचं तर आपण या शहराच्या रहिवासी असायला हव्यात. आपला पत्ता?"

"तुमच्या अध्यक्षांच्या खुर्चीखाली."

"खुर्चीखाली म्हणजे?"

"खाली म्हंजी खाली. खुर्ची, तिच्याखाली फरशी, फरशीखाली माती, आन मातीखाली माझं बीळ. तिथं माझा नवरा हाय. सासू हाय."

हिंमतराव तरससुद्धा हसले नाहीत. बगळेसाहेबांनी पाय बदलला. बराच विचार करून ते म्हणाले, "म्हणजे आपल्या कुटुंबीयांनी नगरपालिकेच्या इमारतीच्या पायात अतिक्रमण केलेलं आहे, असं नोंदवायचं का?"

बयाक्काच्या पाठीवरचे काटे एकदा ताठ झाले आणि परत बसले. मग ती वळून जिना उतरून गेली.

ती गेल्यावर सुकंठराव कोकीळ उठले. त्यांचा आवाज इतका गोड होता की ते काय बोलतात इकडं कोणाचं लक्षच जात नसे. "बेघर दिसतात, कारण ते ओसरीवर झोपतात," ते म्हणाले. "ओसरीवर झोपता आलं नाही, तर ते दिसणार नाहीत. दिसले नाहीत, तर प्रश्न राहत नाही. ओसरीवर काटे बसवावेत."

"काटे आणायचे कुठून?" कोणीतरी विचारलं.

सुकंठराव गोड हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्वतः बयाक्काजवळ आले. खांबावर बसून त्यांनी आधी तिच्या तब्येतीची चौकशी केली, मग मल्हारीच्या आठवणीनं डोळे पुसले, आणि मग म्हणाले, "बयाताई, लवकरच घरांची योजना येतेय. तुमचं नाव मी पहिलं घालतो. शब्द आहे माझा. तुम्ही फक्त शहराला थोडी मदत करा. तुमचे गळलेले काटे पडूनच असतात ना इथंतिथं?"

"कशाला पाहिजेत?"

"सुशोभीकरणाला."

बयाक्काला कळलं नाही असं नाही. तिला सगळं कळलं. पण पोटात पिलानं लाथ मारली, आणि पलीकडं आभाळ गडगडलं. तिनं गळलेले काटे गोळा करून दिले. ते कमी पडले, तेव्हा अंग झाडून आणखी दिले. देताना तिनं धोंडीबाकडं पाहिलं नाही.

सकाळी सगळी ओसरी काट्यांनी भरली होती. टोकं वर, ओळीनं, मधे पाऊलभर जागा नाही. फलक लागला, 'आपले शहर, सुंदर शहर'. ससे रस्त्यावर गेले, मुंगसं नाल्यात गेली. एका सशिणीनं जाता जाता बयाक्काकडं बघून तोंड फिरवलं. धोंडीबा पायरीशी थांबून काट्यांकडं बराच वेळ बघत राहिला.

"ओळखीचे वाटतात," तो म्हणाला.

त्या दिवशी बयाक्कानं काही खाल्लं नाही. ती सुकंठरावांना भेटायला गेली.

"माझं घर?"

"नाव पहिलंच आहे, ताई," सुकंठराव म्हणाले. "तेवढी योजना व्हायची राहिलीय."

पण योजना खरंच झाली. म्हणजे असं झालं की, दंतोजीराव गाडीतून जात असताना त्यांना रस्त्याच्या कडेनं चाललेला धोंडीबा दिसला. त्यांनी गाडी थांबवली. "हा प्राणी बेघर का नाही?" त्यांनी विचारलं. "कारण हा स्वावलंबी आहे! यानं सरकारकडं हात पसरला नाही. आपलं घर यानं आपल्या पाठीवर घेतलं!"

दुसऱ्याच दिवशी मैदानात धोंडीबाचा जाहीर सत्कार झाला. त्याला शाल दिली, ती त्याच्या पाठीवरून दोनदा घसरली. भाषण करायचा आग्रह झाला. धोंडीबानं मान बाहेर काढली, गर्दीकडं बघितलं आणि म्हणाला, "साहेब, हे घर न्हाई. ही माझी पाठ हाय."

प्रचंड टाळ्या पडल्या. "किती नम्र!" दंतोजीराव म्हणाले. तिथल्या तिथं 'घर पाठीवर' योजना जाहीर झाली. प्रत्येक बेघराला एकेक घर मिळणार होतं, पाठीवर वाहून न्यायचं. घर म्हणजे नारळाची करवंटी.

करवंट्यांची नगरपालिकेला अजिबात चणचण नव्हती. इतकी उद्घाटनं झाली होती, इतके नारळ फुटले होते, की गोदामात ढीग लागले होते. खोबरं समित्यांनी वेळोवेळी खाल्लं होतं. करवंटी लाभार्थ्याला मिळाली. प्रत्येक करवंटीवर दंतोजीरावांचा हसरा चेहरा छापलेला होता.

वाटपाच्या दिवशी बयाक्काचं नाव खरोखर पहिलं पुकारलं. सुकंठरावांनी शब्द पाळला. त्यांनी तिच्या पाठीवर करवंटी ठेवली. ती काट्यांवर टेकली आणि काट्यांच्या टोकांवर डुलत राहिली. एक टोक दंतोजीरावांच्या डाव्या डोळ्यातून बाहेर आलं.

"घराची निगा राखा, ताई," बगळेसाहेब म्हणाले. "आठवड्याच्या आत नुकसान केलंत तर अपात्र व्हाल."

हिंमतराव तरस हसून हसून लोळले. इतिवृत्तात 'विरोधकांनी सभात्याग केला' असं आलं.

मग काही दिवस कुसळगावात सगळीकडं करवंट्याच दिसत होत्या. ससे करवंटी घेऊन पळायचे आणि वळणावर उलटे व्हायचे. मुंगसांना करवंटीत बसता येईना, म्हणून ती तिच्यात पाणी साठवायला लागली; तो गैरवापर ठरला. धोंडीबाचं तर वेगळंच झालं. त्याच्याकडं आधीच एक घर, वर हे दुसरं, म्हणून त्याला दोन घरं बाळगल्याबद्दल खुलासा करायला बोलावलं. दंतोजीरावांनी पत्रकारांना सांगितलं, "आज मी अभिमानानं सांगतो, कुसळगावात बेघर कोणी नाही!" पत्रकार पोपट होते. त्यांनी ते तसंच्या तसं सांगितलं.

अडचण एवढीच झाली की, घरं रस्त्यात उभी राहायला लागली. घरमालक जिथं थकेल तिथं थांबे, आणि त्याच्याबरोबर घरही थांबे. वाहतूक अडली. रहदारीला अडथळा आणणारी घरं उचलायची मोहीम निघाली. मेहुण्यांचा कळप आला आणि रस्त्यावरच्या करवंट्या गाडीत भरून घेऊन गेला. काही ससे करवंटीसकट गेले. ते दुसऱ्या दिवशी चालत परत आले.

आणि मग पाऊस आला.

दुपारची वेळ होती. वर सभागृहात सभा चालू होती. योजनेला दंतोजीरावांचं नाव द्यायचं की त्यांच्या वडिलांचं, यावर एकमत होत नव्हतं. खाली रस्त्यावर पाणी वाहायला लागलं. ससे पिलांना तोंडात धरून भिंतीला चिकटले. बयाक्का वाहनतळाच्या कडेला होती. तिच्या पोटात कळ आली. पहिली सोसली. दुसरी आली तेव्हा ती जमिनीवर बसली आणि पाणी तिच्या पोटाला लागलं.

"आबा," ती म्हणाली, "वेळ झाली."

धोंडीबानं चौफेर पाहिलं. कोरडी जागा एकच होती, ओसरी. ओसरीवर काटे होते.

बयाक्का उठली. वाकून, कळा आवळत, ती पायरीपर्यंत गेली. काट्यांसमोर क्षणभर उभी राहिली. मग तिनं दातांनी एक काटा धरला आणि उपटून फेकला. मग दुसरा. सायाळीचे दात हाडसुद्धा कुरतडतात. काटे तर तिचेच होते. ती उपटत गेली आणि रडत गेली. मधे कळ आली की थांबे, परत उपटे. थोड्या वेळानं तिला जाणवलं की शेजारी कोणीतरी आहे. तोंड फिरवून गेलेली ती सशीण तिच्या बाजूला बसून काटे ओढत होती.

"माझं चुकलं," बयाक्का म्हणाली.

"आधी पिलू होऊ दे, मग बोलू," सशीण म्हणाली.

वाट झाली. पण ओसरीवर वारा पावसाचे सपकारे घेऊन आत येत होता. बयाक्का ओसरीवर थांबली नाही. ती जिना चढली. मागून ससे, मुंगसं, आणि सगळ्यात शेवटी एकेक पायरी चढत धोंडीबा. सभागृहाचं दार तिनं डोक्यानं ढकललं, मधल्या मोकळ्या वाटेनं सरळ चालत गेली आणि दंतोजीरावांच्या खुर्चीच्या पायथ्याशी आडवी झाली.

"हे काय चाललंय?" दंतोजीराव ओरडले. "उचला हिला!"

दारावरचे दोन रेडे पुढं आले. बयाक्कानं पाठ फिरवली आणि सगळे काटे ताठ केले. काट्यांचा खळखळ आवाज झाला. रेड्यांनी एकमेकांकडं पाहिलं.

"साहेब, हिला धरायचं कुठून?" एकानं विचारलं.

दंतोजीरावांनी बगळेसाहेबांकडं पाहिलं. बगळेसाहेब म्हणाले, "सायाळ उचलण्याचा आपल्याकडं पूर्वानुभव नाही. निविदा काढावी लागेल."

"मग काढा!"

"त्यासाठी ठराव लागेल. आणि हा विषय पत्रिकेवर नाही."

विषय पत्रिकेवर घ्यावा की न घ्यावा यावर चर्चा सुरू झाली. सुकंठरावांनी मुद्दा मांडला, हिंमतराव हसले, दोन सदस्यांनी हरकत घेतली. चर्चा रंगात आली असताना खुर्चीखालून बारीक आवाज आला. सगळे थांबले. बयाक्काच्या कुशीत एक पिलू होतं. ओलं, डोळे उघडे, अंगावर मऊ मऊ काटे. जन्मताना सायाळीच्या पिलाचे काटे मऊ असतात. हवा लागली की मग ते कडक होत जातात.

बयाक्कानं पिलाला चाटलं आणि फरशीवर कान टेकवून पडून राहिली. "पोरगी झाली," ती हळूच म्हणाली. कोणाला म्हणाली, हे सभागृहात फक्त धोंडीबाला कळलं.

बाहेर पाऊस कोसळत होता, आत सगळे भिजलेले प्राणी बाकांखाली शिरत होते. एक मुंगूस सुकंठरावांच्या टेबलाच्या खणात जाऊन झोपलं. वासही यायला लागला. शेवटी दंतोजीरावांनी सभा तहकूब केली आणि सगळे सदस्य मेहुण्यांच्या शेतघरावर गेले. जाताना बगळेसाहेब रेड्यांना म्हणाले, "यांना इथून हलवा." पण रेड्यांनाही बाहेर पडायचं नव्हतं. त्यांनी दार लावून घेतलं. आतून.

पाऊस थांबला नाही आणि सदस्य परत आले नाहीत. पोपटांनी बातमी केली, 'नगरपालिकेनं सभागृह बेघरांना खुलं केलं'. हे दंतोजीरावांनाही पोपटांकडूनच कळलं. त्यांना ते आवडलं. त्यांनी लगेच पाटी पाठवली, 'दंतोजीराव निवारा केंद्र', आणि पाटीबरोबर नारळ.

बयाक्कानं पाटी दाराच्या फटीला लावली. तिथून पाणी आत येत होतं. नारळ सगळ्यांनी वाटून खाल्ला, खोबऱ्यासकट. त्या दिवशी धोंडीबा टेबलाखाली मान बाहेर ठेवून झोपला. डोक्यावर छप्पर आहे म्हटल्यावर त्याला मान आत घ्यायची गरज वाटली नाही. बयाक्काची पोरगी त्याच्या पाठीवर चढायला शिकली आणि तिनं दिवसभर तोच उद्योग लावला. लोक आता तिथंच राहतात. कोणी त्यांना काढलेलं नाही, कारण काढायची निविदा अजून निघालेली नाही.

पावसाळा संपताच निवडणूक आली. निवारा केंद्राचा पत्ता मिळाल्यामुळे ओसरीवाले सगळे मतदार झाले होते, आणि मतदार झाल्यामुळे ते सगळ्यांना दिसायला लागले होते. दंतोजीराव बयाक्काच्या पोरीला कडेवर घ्यायला आले. तोवर तिचे काटे कडक झाले होते. त्यांनी फोटो न काढताच सभा घेतली. हिंमतराव तरसही आले. "या डुकरानं तुमचं घर खाल्लं!" ते गरजले. "मी निवडून आलो, तर याला टेकडीचा हिशेब विचारीन!" ते एकदाही हसले नाहीत. बयाक्काला वाटलं, हा खरं बोलत असेल. तिनं त्याला मत दिलं.

निकालात दंतोजीराव पडता पडता वाचले, हिंमतरावांचे बरेच सदस्य आले, आणि बहुमत कोणालाच मिळालं नाही. घोडेबाजार होणार अशी बातमी आली. घोड्यांनी त्या शब्दाला जाहीर हरकत घेतली. गुलाल उधळून होतोय तोवर हिंमतराव आपले सदस्य घेऊन दंतोजीरावांच्या गाडीत बसले. गाडी सुटताना ते खूप हसत होते, असं बघणारे सांगतात.

कुसळगावात सध्या नगरपालिका नाही. बयाक्का सकाळी दार उघडते, पोरीला बाहेर सोडते, आणि कोणी विचारायला आलं तर साहेब गावात नाहीत म्हणून सांगते. सगळे सन्माननीय सदस्य लांबच्या एका जंगलातल्या रिसॉर्टवर एकत्र राहताहेत, आणि तिथं राहण्याची कोणाचीही गैरसोय नाही, असं कळतं.